एकलहरेच्या जागी अणुभट्टी? (आणि एकूणच अणुवीज हवी की नको)

गोदाकाठ

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीजकेंद्रातले २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ दरम्यानचे. त्याआधीचे १४० चे दोन केव्हाच मोडीत निघाले. बदली म्हणून ६६० चा नवा संच येणार हे नाशिकरोडला इतकी वर्षं ऐकतोय, की आता कुणी विषय काढला तर लोक नुसतं हसतात. सध्या नवी पुडी फिरतेय: तिथे म्हणे छोटी अणुभट्टी बसवणार. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या महानिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुकंपनीशी थोरियमवरच्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला, त्या बातमीला कुणीतरी एकलहरेची शेपटी जोडली असावी.

पुडी असो, पण विचार करायला काय हरकत आहे? म्हणून हा धागा.

आधी कोळशाचा हिशोब. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा. ६३० मेगावॅट पूर्ण भाराने चालले तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, म्हणजे रोजची तीन हजार टनांवर राख. विटा, सिमेंट, रस्त्यांचे भराव यांत जाते ती जाते, बाकीची बंधाऱ्यात. याउलट आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियममधून ५० हजार युनिटच्या घरात वीज निघते. तेवढ्याच विजेला कोळसा लागेल ३५ टन. वॅगनींची रांग नाही, पावसाळ्यात ओला कोळसा आला म्हणून संच बंद नाही.

लोक मरण्याचा हिशोबही लोकांना उलटा वाटतो. दर १०० कोटी युनिटमागे कोळशाने (खाणी, अपघात आणि मुख्य म्हणजे हवेतली धूळ) जाणारे जीव पंचवीसच्या आसपास धरतात. अणुविजेचा आकडा चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही ०.०३. कार्बनचं म्हणाल तर खाणीपासून भट्टी मोडीत काढेपर्यंत सगळं धरून युनिटमागे कोळसा ८२० ग्रॅम, अणू १२, सौर चाळीसच्या पुढेमागे. हे आंतरसरकारी हवामानबदल मंडळाचे (आयपीसीसी) २०१४ चे मध्यम आकडे.

आता माझी अडचण. मला किरणोत्साराची भीती वाटत नाही, मला कॅलेंडरची वाटते. गुजरातमधल्या काक्रापारच्या तिसऱ्या संचाचं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडलं, वीज ग्रिडला मिळाली जानेवारी २०२१ मध्ये. आणि हा आपला स्वतःचा, सवयीचा नमुना, फक्त ७०० मेगावॅटपर्यंत वाढवलेला. फ्रान्सने फ्लामाँव्हिलला २००७ मध्ये सुरुवात केली, ग्रिडला जोडणी डिसेंबर २०२४. फिनलंडची ओल्किलुओटो-३, २००५ ते २०२३. एवढ्या काळात कर्जावरचं व्याजच विजेच्या दरात जाऊन बसतं. तिकडे सौरविजेच्या लिलावात युनिटला अडीच रुपयांच्या आसपास बोली लागते. पण ती दुपारची वीज, आणि आपल्या घरात मिक्सर, पंखा, टीव्ही, गिझर हे सगळं सूर्य मावळल्यावर.

मतं येऊ द्या. "अणुबॉम्ब फुटेल" वगैरे नको, भट्टीतलं इंधन तेवढं समृद्ध नसतंच, ती बॉम्बसारखी फुटू शकत नाही.

निफाडकर

मी शेतकरी माणूस, मला ते मेगावॅट-बिगावॅट कळत नाही. आम्हाला काय हवं ते सांगतो. आठवड्याची पाळी असते, एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात द्राक्षाला नाहीतर उसाला पाणी द्यायला जावं लागतं आणि गोदाकाठी बिबट्या किती आहेत हे इथल्या मंडळींना सांगायला नको. बॅटरी, काठी आणि सोबतीला कुत्रं.

ज्या फीडरला सौर प्रकल्पाची वीज जोडली गेली तिथे दिवसा वीज मिळायला लागली. तुमची अणुवीज चोवीस तास येते म्हणे, पण मला चोवीस तास नकोय. दिवसाची आठ तास द्या, पूर्ण दाबाने द्या, मोटार जळू देऊ नका. त्याच्यासाठी कुणी अकरा वर्षं थांबायला सांगत असेल तर राम राम.

सातपूर_शिफ्ट

निफाडकर, तुमचं बरोबर, पण कारखाना दिवसा आठ तासांवर चालत नाही. आमच्याकडे तिन्ही पाळ्या. फर्नेस थंड झाली की परत तापवायला जो खर्च येतो तो साहेबलोक आम्हाला रोज ऐकवतात. आता दराचं गणितही फिरलंय. पूर्वी रात्री स्वस्त असायची, आता दुपारी सवलत आणि संध्याकाळी जादा आकार. याचा अर्थ काय? दुपारी वीज उतू चाललीय आणि संध्याकाळी चणचण आहे. अणुवीज संध्याकाळची चणचण भरते असं म्हणावं, तर ती दुपारीही तेवढीच येत राहते, जेव्हा कुणाला नकोय.

टर्बाईनवाला

औष्णिक केंद्रात उमेदीची वर्षं गेली, आता निवृत्त. सातपूरकरांनी नेमकी जागा पकडली. भट्टीचा भार कमी-जास्त करता येतो, फ्रान्समध्ये करतात. पण अणुविजेत इंधन स्वस्त आणि भांडवल महाग. निम्म्या भाराने चालवली तरी कर्जाचा हप्ता पूर्ण. म्हणून ती सतत पळवायची असते. कर्नाटकातल्या कैगा अणुकेंद्राचा पहिला संच सलग ९६२ दिवस चालला होता, ही बढाई नाही, तिचा धर्मच तो. कोळशाचा संच इतका पळवला तर बॉयलरच्या नळ्या हात जोडतील.

आता मूळ प्रश्न, एकलहरे. धागाकर्त्यांनी पैसा आणि काळ सांगितला, जागेचं राहिलं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या १९९० च्या स्थाननिश्चिती संहितेत साधारण असे निकष होते: दहा किलोमीटरच्या आत दहा हजारांहून मोठी वस्ती नको, तीस किलोमीटरच्या आत लाखाहून मोठं गाव नको. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका १४.८६ लाख. नाशिकरोड स्टेशन दहा किलोमीटरच्या आत, शिवाय नोटांचा छापखाना, देवळाली कॅम्प. त्या चाळणीत एकलहरे पहिल्याच हिसक्याला खाली पडतं. भट्टीभोवती किमान एक किलोमीटर वस्तीमुक्त पट्टा लागतो तो वेगळाच. छोट्या भट्ट्यांसाठी हे अंतर कमी करा अशी मागणी आहे, पण मागणी म्हणजे मंजुरी नव्हे.

दुसरं पाणी. कोळशाच्या बॉयलरमधून वाफ निघते ५४० अंशाला. आपल्या जड पाण्याच्या भट्टीत टर्बाईनला मिळणारी वाफ अडीचशे-पावणेतीनशे अंशांपलीकडे जात नाही. वाफ जितकी थंड तितकी कार्यक्षमता कमी, आणि उरलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून पाण्यानेच काढायची. म्हणजे तेवढ्याच मेगावॅटला पाणी कोळशापेक्षा जास्त. औष्णिकला आज युनिटमागे तीन-साडेतीन लिटर लागतं. ते दारणा-गंगापूरच्या पाण्यातून. आमच्या वेळेस पाणी कमी असलं की सगळ्यांत आधी आमच्याकडे बघायचे. त्यात खाली जायकवाडीला समन्यायी वाटपाचं पाणी सोडायचं ठरलं की इथे दरवर्षी काय होतं ते तुम्ही पेपरात वाचताच. तारापूर, कुडनकुलम, कल्पक्कम ही अणुकेंद्रं समुद्रकाठी उगाच नाहीत.

गोदाकाठ

टर्बाईनवाला काका, हे खणखणीत आहे. पण चीनची शिदाओवानची भट्टी? ती तर म्हणे वाफ कोळशाएवढीच गरम देते.

टर्बाईनवाला

हो. तिथे पाण्याऐवजी हेलियम वायू उष्णता वाहतो, इंधन खड्यांसारख्या गोळ्यांत असतं. दोन भट्ट्या मिळून २१० मेगावॅटचं एक टर्बाईन फिरवतात. आकडा ओळखीचा वाटला ना? जुन्या कोळशाच्या संचांच्या जागी बसावी हाच हेतू. पण २०१२ च्या डिसेंबरात काम सुरू, व्यावसायिक उत्पादन डिसेंबर २०२३. तेही चीनमध्ये, जिथे मोर्चा निघत नाही. अमेरिकेत युटाहसाठी ठरलेला छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये खर्च वाढला म्हणून रद्दच झाला. आपल्या २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांसाठी २० हजार कोटी ठेवलेत, २०३३ पर्यंत पाच देशी भट्ट्या चालवायचं ठरलंय. पहिली चालू झाल्यावर बोलू.

द्वारका_सिग्नल

अणुभट्टी वगैरे ठीक आहे. सिंहस्थाआधी द्वारका चौक मोकळा करून दाखवा, मग युरेनियम आणा.

सिन्नरी

😀 द्वारकाकर.

मी पैशाबद्दल बोलतो. आमच्या गुळवंचला कोळशावरचे २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले, एकूण १३५०. चिमण्या महामार्गावरून दिसतात. वर्षानुवर्षं वीज निघाली नाही, कारण वीजखरेदी करार नव्हता. जमिनी गेल्या, रस्ते उखडले, नोकऱ्या आल्या नाहीत. म्हणून "प्रकल्प येतोय" म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न असतो: वीज कोण घेणार, किती दराने, किती वर्षं? अणुप्रकल्पात हा प्रश्न दहापट मोठा, कारण कोळशाचा प्रकल्प अर्धवट सोडला तर भंगार तरी विकता येतं.

आणि नुकसानभरपाई. २०१० च्या दायित्व कायद्यात एक कलम होतं: अपघात पुरवठादाराच्या सदोष मालामुळे झाला तर चालकाने त्याच्याकडून वसुली करायची. परदेशी कंपन्या त्यावरच अडून बसल्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि हा दायित्व कायदा दोन्ही मोडीत काढले आणि खाजगी कंपन्यांना दार उघडलं. ते कलमही त्यात गेलं. भोपाळ ज्या देशात झालं तिथे पुरवठादाराला इतकं सैल सोडावं का, यावर इथे कुणी बोलत नाही. सगळे नुसते युरेनियमच्या किलोत अडकलेत.

मृण्मयी_ना

सिन्नरी, भरपाईच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पण किरणोत्साराचं भय या जिल्ह्यात कुणी बोललं की मला लासलगाव आठवतं. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' २००२ पासून आहे. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, मोड येणं थांबतं. २००७ मध्ये अमेरिकेला हापूस गेला तो तिथूनच प्रक्रिया होऊन. कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही, आणि तो कोबाल्ट देशातल्या वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांतच तयार होतो. कॅन्सरच्या रुग्णांना देतात तोही त्याच जातीचा.

जगात माणसाला माती, खडक, आकाश यांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतच असतो. केंद्रामुळे आजूबाजूच्या लोकांना १ मिलिसिव्हर्टच्या वर मिळू नये ही मर्यादा आहे. छातीचा एक सीटी स्कॅन याच्या काही पट.

निफाडकर

ताई, लासलगावचं उदाहरण चांगलं, पण त्या केंद्रात किती कांदा जातो आणि चाळीत किती सडतो ते एकदा बाजार समितीत येऊन बघा. पंचवीस वर्षं होत आली, माझ्या गावातला एकाचाही कांदा तिकडे गेलेला नाही. तंत्र चांगलं असणं आणि ते आमच्यापर्यंत पोचणं यात फार अंतर असतं. अणुविजेचंही मला तेच वाटतं.

मृण्मयी_ना

हे मान्य करण्यासारखंच आहे. तंत्राला दोष नाही, पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही.

राजापूर_ते_इंदिरानगर

मूळ राजापूर तालुक्यातला, आता नाशिकला घर. माडबनचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहितो.

माडबनला ठरलेला जैतापूर अणुप्रकल्प म्हणजे १६५० चे सहा संच, ९९०० मेगावॅट, जगातला सर्वांत मोठा होणार होता. फ्रान्सशी करार २०१० चा. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटेत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. त्याच्या महिनाभर आधी फुकुशिमा झालं होतं, तेव्हा लोकांच्या मनात काय चाललं असेल विचार करा. जमीन मालकांना पुढे वाढीव मोबदला मिळाला, पण साखरी नाटेच्या मच्छीमाराच्या नावावर सात-बाराच नाही, त्याला मोबदला कसला? भट्टी थंड करून समुद्रात परत जाणारं पाणी काही अंश गरम असतं. मासा किनाऱ्यापासून लांब सरकला तर भरपाई कोणाच्या खात्यात? या प्रश्नाला मला आजवर सरळ उत्तर मिळालेलं नाही. आणि आज तिथे काय आहे? कुंपण. इतकी वर्षं होऊनही भट्टीचं काँक्रीट नाही.

मी विरोधक नाही. भाऊ तारापूरला नोकरीला होता, घरचं चांगलं झालं. पण नाशिकमध्ये बसून "समुद्रकाठी टाका" म्हणणं सोपं आहे.

टर्बाईनवाला

हे शेवटचं वाक्य मला लागलं, पण रास्त आहे.

फुकुशिमाचा विषय निघालाच आहे तर नेमकं काय झालं ते लिहितो, कारण भूकंपाने भट्टी फुटली असं बरेच जण समजतात. भट्ट्या भूकंप होताच बंद पडल्या होत्या. पण बंद भट्टीतही उष्णता निघत राहते, ती काढायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले. सगळं तिथे बिघडलं.

आपल्याकडे ही वेळ येऊन गेलीय. उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुकेंद्र, ३१ मार्च १९९३. टर्बाईनची पाती तुटली, जनरेटरमधला हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि केंद्र सतरा तास पूर्ण अंधारात. कर्मचाऱ्यांनी विजेऱ्या घेऊन वर चढून, भट्टी पुन्हा पेटू नये म्हणून तिच्यात बोरॉन सोडलं, आगीचे डिझेल पंप लावून बाष्पजनित्रांत पाणी ढकललं. बाहेर किरणोत्सार गेला नाही. आम्ही औष्णिकवाले त्या घटनेचा अहवाल वाचून गप्प झालो होतो, कारण टर्बाईन आमच्याकडचंच यंत्र. भट्टी सुरक्षित असते हो, पण भट्टीशेजारचं साधं यंत्र दगा देतं. म्हणून मला नियामक मंडळ किती स्वतंत्र आहे हा प्रश्न भट्टीच्या नमुन्यापेक्षा मोठा वाटतो.

सातपूर_शिफ्ट

आणि कचरा? तो कोणी बोललाच नाही.

मृण्मयी_ना

थोडक्यात: वापरलेलं इंधन आपण फेकत नाही, त्यातलं प्लुटोनियम आणि युरेनियम काढून घेतो. उरलेला जहाल भाग काचेत वितळवून पोलादी डब्यांत भरतात. असे कारखाने ट्रॉम्बे, तारापूर आणि कल्पक्कमला आहेत. त्यातले सीझियम, स्ट्राँशियम तीस-तीस वर्षांनी निम्मे होतात, म्हणजे तीनेकशे वर्षांत बऱ्यापैकी निवतात. जास्त काळ टिकणारं जे उरतं, त्यासाठी फिनलंडने खडकात चारशे मीटरहून खोल ओन्कालो नावाचं कोठार खोदलंय. आपल्याकडे तसं कायमचं ठिकाण अजून नाही. आकारमान फार कमी आहे म्हणून घाई वाटत नाही, पण हे पुढच्यांच्या गळ्यात बांधणं आहे हे मीही नाकारत नाही. फक्त एक: कोळशाच्या राखेतही युरेनियम-थोरियमचे अंश असतात आणि ती आपण उघड्यावर ठेवतो.

गोदाकाठ

इतकं सगळं वाचून माझं मत बऱ्यापैकी ठरलं.

एकलहरेला भट्टी नको. भीतीपोटी नाही, टर्बाईनवाला काकांनी दिलेली दोन कारणं पुरेशी आहेत: वस्ती आणि पाणी. अणुवीज वाढवायचीच असेल तर जिथे आधीच आहे तिथे. तारापूर आपल्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. १९६९ चे पहिले दोन संच २०२० मध्ये नूतनीकरणासाठी थांबवले, ५४० चे दोन २००५-०६ पासून चालू आहेत. जमीन, माणसं, कुंपण, समुद्र सगळं तिथे आहे. वीज तारांतून येते, ती कुठल्या गावची हे आपल्या पंख्याला कळत नाही. राजापूरकरांचा टोमणा मला लागू होतो हे खरं, पण नव्या किनाऱ्यावर नवी जमीन घेण्यापेक्षा हे बरं.

आणि संध्याकाळची चणचण अणूने नव्हे, साठवणीने भागवावी. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहेच. दुपारची स्वस्त वीज वापरून पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. सह्याद्रीच्या कड्याएवढी आयती उतरण फार कमी राज्यांना आहे. एकलहरेच्या जागेवर बॅटऱ्या ठेवाव्यात, उपकेंद्र आणि तारा तयार आहेत. जुनी जनरेटरं टर्बाईनपासून सोडवून नुसती फिरती ठेवली तर व्होल्टेज सावरायलाही कामाला येतात.

देशात अणुविजेचा वाटा आज तीन टक्क्यांच्या आसपास, आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॅट म्हणतात. आत्ता नऊलाही पोचलेलो नाही. व्हावं, पण त्या भरवशावर निफाडकरांचं दिवसाचं फीडर थांबवू नये.

वसाहतीतला

बराच वेळ नुसता वाचत होतो. वडील एकलहरेला कंत्राटी कामगार, मीही तिथेच राख वाहतुकीच्या कामावर.

गोदाकाठ साहेब, बॅटऱ्या ठेवा म्हणालात. बॅटऱ्यांना माणसं किती लागतात? कंटेनर आणून ठेवतात, कुलूप लावतात, एक वॉचमन. नुसतं फिरणारं जनरेटर पाळीला दोघं-तिघं सांभाळतील. आज कोळसा, राख, वाहतूक, विटभट्ट्या, कँटीन, टपऱ्या मिळून किती घरं या केंद्रावर आहेत ते कोणी मोजलंय का? अणुभट्टीला निदान शेकडो माणसं तरी लागतात, तीही शिकलेली, हे मला चांगलं वाटलं होतं. जागा नियमात बसत नाही म्हणता, ठीक. मग आमच्यासाठी काय, ते या धाग्यात कुठेच नाही.

टर्बाईनवाला

नाही, खरंच नाही. आयटीआय झालंय का तुमचं? उदंचनच्या नव्या कामांना फिटर आणि इलेक्ट्रिशियन लागतील, राख वाहणारा लागणार नाही. केंद्र बंद करायची तारीख ठरवण्याआधी हे प्रशिक्षण सुरू व्हायला हवं, तारीख ठरल्यावर नव्हे. संघटनेत हा मुद्दा कुणी मांडलाय का?

वसाहतीतला

दहावी झालीय. संघटना कायम कामगारांची आहे काका, कंत्राटींची वेगळी आणि ती पगाराच्या तारखेवरच भांडतेय अजून.

सिन्नरी

गुळवंचला हाच प्रश्न होता, फक्त तिथे माणसं कामावर लागलीच नाहीत म्हणून कोणी काढलं नाही. वसाहतीतले भाऊ, याचा वेगळा धागा काढा. मी येतो तिकडे, आमच्याकडची कागदपत्रं आहेत माझ्याजवळ.